मेन्यूत सावल्या ‘लो’ केल्या तरी फोनवर फरक का पडत नाही: सीव्हार कोणाच्या ताब्यात आहे ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अनरियल इंजिन ५ (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) वर छोटी टीम गेम बनवतेय, विंडोज आणि अँड्रॉइड दोन्हींसाठी. सेटिंगच्या मेन्यूत ‘शॅडो क्वालिटी: लो’ निवडलं की एडिटरमध्ये सावल्या लगेच बदलतात. फोनवर टाकलं की काही फोनवर बदलतात, काहींवर ढिम्म. म्हणून तुम्ही ‘आर.शॅडोक्वालिटी’ या सीव्हारची (कन्सोल व्हेरिएबलची, म्हणजे इंजिनातल्या नावाने बदलता येणाऱ्या सेटिंगची) ओळ डिफॉल्टइंजिन.आयएनआयमध्ये घातली, मग कन्सोलव्हेरिएबल्स.आयएनआयमध्ये घातली, शेवटी लेव्हल ब्लूप्रिंटमध्ये (त्या लेव्हलच्या, नोड जोडून केलेल्या स्क्रिप्टमध्ये) ‘एक्झिक्यूट कन्सोल कमांड’चा नोडही जोडला. आता मेन्यू एडिटरमध्येही चालेनासा झालाय, आणि तुम्ही विचारताय की ही ओळ नक्की कोणत्या फाइलीत लिहायची. (नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंजिनातलं मूळ स्पेलिंग वापरा.)

फाइलीचं नाव मी सांगू शकतो, पण त्याने तुमचं काम होणार नाही. तुमच्याकडे ओळ कमी पडलेली नाही, ओळी जास्त झाल्यात. एकाच व्हेरिएबलवर चार ठिकाणांहून हक्क सांगितला जातोय आणि त्यातला कोणाचा चालेल हे इंजिनाने आपल्या नियमाने ठरवलंय. तो नियम एकदा कळला की फाइल कोणती हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

अनरियलमध्ये प्रत्येक कन्सोल व्हेरिएबल आपल्या किमतीबरोबर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवतं: ही किंमत शेवटची कोणी लावली. ‘कोणी’ म्हणजे माणूस नव्हे, थर. खालून वर असा साधारण क्रम आहे: कन्स्ट्रक्टर, म्हणजे कोडमधली मूळ किंमत, त्यावर स्केलेबिलिटी, म्हणजे लो-हाय अशा ग्राफिक्सच्या पातळ्या, मग गेम सेटिंग, मग प्रोजेक्ट सेटिंग, मग सिस्टिमसेटिंग्ज आयएनआय, मग डिव्हाइस प्रोफाइल, म्हणजे त्या त्या उपकरणासाठी ठरवलेल्या किमती, मग कन्सोलव्हेरिएबल्स आयएनआय, मग कमांडलाइन, मग कोड, आणि सगळ्यांच्या वर कन्सोल. मध्ये हॉटफिक्स, प्लगइन वगैरे आणखी काही थर आहेत, ते सध्या बाजूला ठेवू. वरच्या थराने एकदा किंमत लावली की खालच्या थराचा प्रयत्न नाकारला जातो. दोघे एकाच थरातले असतील तर नंतर येणाऱ्याचं चालतं. साहेबांची सही झालेल्या फाइलीवर कारकुनाने कितीही शेरे मारले तरी निर्णय बदलत नाही, तसलाच प्रकार.

आता तुमचा मेन्यू या क्रमात कुठे बसतो ते बघा. गेमयूझरसेटिंग्जमधून शॅडो क्वालिटी बदलली की ती ‘एसजी.शॅडोक्वालिटी’ या गटामार्फत जाते. गट आपल्या पातळीप्रमाणे स्केलेबिलिटी.आयएनआयमधला विभाग उघडतो आणि त्यातली सगळी ‘आर.’ व्हेरिएबलं स्केलेबिलिटी थराने लावतो. म्हणजे खालून दुसरा थर. खेळाडूच्या हातात दिलेला मेन्यू जवळजवळ तळाला आहे, आणि हे मुद्दामच तसं ठेवलंय. प्रोजेक्टने किंवा उपकरणाने काही पक्कं ठरवलं असेल तर खेळाडूने ते मोडू नये, हा त्यामागचा विचार. पण याचाच अर्थ असा की तुम्ही मदत म्हणून जिथे जिथे ती ओळ घातलीत, तिथे तिथे मेन्यूच्या डोक्यावर एकेक झाकण ठेवलंत.

काहीही बदलण्याआधी बघायचं काय, तर एकच गोष्ट. कन्सोल उघडा, व्हेरिएबलचं नाव टाइप करा आणि किंमत न देता एंटर मारा. उत्तरात सध्याची किंमत येते आणि पुढे ‘लास्टसेटबाय’ लिहून थराचं नाव येतं. नावापुढे प्रश्नचिन्ह टाकलंत तर मदतीचा मजकूरही येतो, आर.शॅडोक्वालिटीसाठी ० म्हणजे सावल्या बंद आणि ५ म्हणजे सर्वोच्च, हे तिथेच लिहिलेलं दिसेल. फोनवर कीबोर्ड नाही म्हणून अडू नका. डेव्हलपमेंट बिल्डमध्ये स्क्रीनवर चार बोटं एकदम टेकवली की कन्सोल उघडतो.

तुमच्या फाइली माझ्यासमोर नाहीत, त्यामुळे पुढचं खात्रीने नव्हे, अंदाजाने सांगतोय. पण लक्षणं इतकी ओळखीची आहेत की अंदाज फार चुकेल असं वाटत नाही.

ज्या फोनवर मेन्यू चालत नाही त्यांच्यावर लास्टसेटबाय पुढे ‘डिव्हाइसप्रोफाइल’ दिसेल. अँड्रॉइडवर गेम सुरू होताना इंजिन फोनचा जीपीयू वगैरे बघून एक प्रोफाइल निवडतं, आणि त्या प्रोफाइलच्या साखळीत वर अँड्रॉइड_लो, अँड्रॉइड_मिड, अँड्रॉइड_हाय अशांपैकी एखादं असतं. अॅड्रिनो जीपीयू असलेल्या फोनला एक प्रोफाइल, माली जीपीयूवाल्याला दुसरं. यातल्या एखाद्या प्रोफाइलमध्ये सावल्यांची ओळ असेल तर त्या गटातल्या प्रत्येक फोनवर मेन्यू निकामी, बाकीच्यांवर ठणठणीत. ‘काही फोनवर चालतं, काहींवर नाही’ याचं गूढ बहुतेक वेळा एवढंच असतं. एडिटरमध्ये विंडोजचं प्रोफाइल लागू असतं, म्हणून तिथे हे कधी दिसतच नाही.

इथे एक खाचखळगा आहे. तुम्ही तुमच्या प्रोजेक्टमधली डिफॉल्टडिव्हाइसप्रोफाइल्स.आयएनआय उघडाल, त्यात सावल्यांचं काही सापडणार नाही आणि ‘प्रोफाइलचा संबंध नाही’ म्हणून पुढे जाल. पण प्रोफाइलं एकमेकांकडून वारसा घेतात. ओळ आईबाप प्रोफाइलमध्ये असेल, किंवा इंजिनाच्या स्वतःच्या बेसडिव्हाइसप्रोफाइल्स.आयएनआयमध्ये असेल, तरी ती तुमच्या फोनपर्यंत पोचते. म्हणून फाइली वाचत बसण्यापेक्षा लॉग वाचा. एडीबी लॉगकॅट (फोनचा लॉग कॉम्प्युटरवर दाखवणारी कमांड) लावून गेम सुरू केलात की सुरुवातीलाच निवडलेल्या प्रोफाइलचं नाव येतं, आणि मागोमाग आयएनआयमधून व्हेरिएबलांना लावलेल्या किमती दुहेरी चौकोनी कंसांत एकामागून एक छापल्या जातात. त्यात ‘शॅडो’ शोधलं की काम झालं. पुढे मेन्यूतून लो निवडा. लॉगमध्ये सहसा एक इशारा येतो: अमुक व्हेरिएबल ‘सेटबायस्केलेबिलिटी’ने लावायचा प्रयत्न दुर्लक्षित केला, कारण आधीच्या ‘सेटबायडिव्हाइसप्रोफाइल’पेक्षा त्याची प्रायॉरिटी कमी आहे, किंमत जुनीच राहिली. इंजिन इतक्या स्पष्ट शब्दांत सांगत असतं, आपणच पिवळ्या ओळी बघायच्या सोडून दिलेल्या असतात.

आता एडिटरचं. तिथे मेन्यूवरचं सगळ्यात वरचं झाकण म्हणजे लेव्हल ब्लूप्रिंटमधला नोड. ‘एक्झिक्यूट कन्सोल कमांड’ म्हणजे तुम्ही स्वतः कन्सोलमध्ये टाइप केल्यासारखंच, म्हणजे सर्वात वरचा थर. तो नोड एकदा चालला की त्या व्हेरिएबलला दुसरं कोणीही हात लावू शकत नाही. आणि नोड काढून टाकलात तरी लगेच सुटका नाही. किंमत परत मूळ केली तरी थराचा शिक्का ‘कन्सोल’च राहतो. प्ले थांबवून पुन्हा प्ले केलं तरी राहतो, कारण व्हेरिएबल एडिटरच्या अख्ख्या प्रोसेसचं असतं, एका प्ले सेशनचं नव्हे. एडिटर बंद करून पुन्हा उघडेपर्यंत तो उतरत नाही. ‘सकाळी चालत होतं, दुपारी बंद पडलं, संध्याकाळी आपोआप सुरू झालं’ अशा तक्रारींमागे हे हमखास सापडतं: कोणीतरी दुपारी कन्सोलमध्ये काहीतरी करून पाहिलेलं असतं. माझा दंडक असा की मेन्यूची चाचणी ताज्या उघडलेल्या एडिटरमध्ये किंवा थेट बिल्डमध्येच करायची. कमांडलाइनवर ‘एक्झेककमांड्स’ देऊन केलेल्या चाचणीलाही हेच लागू, त्या कमांडाही कन्सोलच्याच नावावर जमा होतात.

सी प्लस प्लसवाले यावर हसतात, पण त्यांनाही हेच दुखणं आहे. व्हेरिएबल शोधून त्यावर ‘सेट’ बोलावलंत आणि दुसरा पॅरामीटर दिला नाहीत, तर मूळ थर धरला जातो ‘कोड’. कन्सोलच्या फक्त एक पायरी खाली. मेन्यूसाठी लिहिलेल्या कोडमध्ये तिथे ‘सेटबायगेमसेटिंग’ स्पष्ट लिहायला हवं. इंजिन स्वतः व्हीसिंकसाठी तेच करतं.

कन्सोलव्हेरिएबल्स.आयएनआयबद्दल मात्र ठाम सांगतो: तिथली ओळ आजच काढा. ती फाइल इंजिनाच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये असते, तुमच्या प्रोजेक्टमध्ये नाही. लाँचरवरून घेतलेलं इंजिन असेल तर त्या मशीनवरच्या सगळ्या प्रोजेक्टांना ती लागू होते, आणि तुमच्या गिटमध्ये ती जातच नाही. वर शिपिंग (खेळाडूंना द्यायच्या) आणि टेस्ट बिल्डमध्ये इंजिन ती वाचतही नाही, कारण चीट व्हेरिएबलांना, म्हणजे खेळाडूच्या हाती पडू नयेत अशा व्हेरिएबलांना, परवानगी असलेली ती एकमेव आयएनआय आहे. म्हणजे तुमच्या मशीनवर एक दृश्य, सहकाऱ्याच्या मशीनवर दुसरं आणि खेळाडूकडे तिसरं. डेव्हलपरने स्वतःच्या मशीनवर चार दिवस प्रयोग करायला ती फाइल उत्तम आहे. त्यापलीकडे तिचा उपयोग नाही.

तुमच्या प्रश्नात आणखी एक गोंधळ दिसला, तो बऱ्याच जणांचा होतो. आयएनआय फाइलींची स्वतःची एक उतरंड आहे: आधी इंजिनाची बेस फाइल, त्यावर प्रोजेक्टची डिफॉल्ट, त्यावर प्लॅटफॉर्मची, आणि शेवटी खेळाडूच्या मशीनवरची सेव्ह्ड फोल्डरमधली. एकाच विभागातल्या एकाच ओळीसाठी कोणत्या फाइलीतली किंमत धरायची, एवढंच ही उतरंड ठरवते. थरांचा क्रम वेगळा, आणि तो याच्या नंतर लागतो. डिफॉल्टइंजिन.आयएनआयमध्येच रेंडररसेटिंग्जच्या विभागात लिहिलेली ओळ प्रोजेक्ट सेटिंग थरात जाते आणि सिस्टिमसेटिंग्जच्या विभागात लिहिलेली तिच्या एक थर वर. फाइल तीच, विभाग बदलला की अधिकार बदलला. त्यामुळे ‘कोणत्या फाइलीत’ या प्रश्नाला ‘कोणत्या विभागात’ जोडल्याशिवाय अर्थ नाही.

मग मी स्वतः कसं लावतो? नवीन व्हेरिएबलला हात लावण्याआधी टीममध्ये एक प्रश्न विचारतो: ही किंमत ठरवायचा हक्क कोणाचा? उत्तर एकच हवं. ‘थोडा आर्टिस्टचा, थोडा खेळाडूचा’ असं उत्तर आलं तर चर्चा संपलेली नाही असं समजायचं.

गेमसाठी एकदाच ठरणारी गोष्ट असेल, उदाहरणार्थ फॉरवर्ड शेडिंग वापरायचं की नाही, तर ती प्रोजेक्ट सेटिंग. असली बरीच व्हेरिएबलं तशीही रीड-ओन्ली असतात, चालू गेममध्ये बदलतच नाहीत. बदललीत तर एडिटर पुन्हा सुरू करा आणि शेडर नव्याने कंपाइल होईपर्यंत चहा घेऊन या.

उपकरणाची मर्यादा असेल, म्हणजे या फोनला हे झेपणारच नाही, तर डिव्हाइस प्रोफाइल. पण तिथे लिहिलेल्या प्रत्येक सुट्या ‘आर.’ व्हेरिएबलाचा अर्थ ‘यावर खेळाडूला हक्क नाही’ असा होतो, हे मान्य करूनच लिहायचं. आणि मग मेन्यूत तो पर्याय त्या फोनवर दाखवायचाच नाही, किंवा करडा करून ठेवायचा. चालत नसलेलं बटण दाखवणं सगळ्यात वाईट. स्टोअरवरच्या एक तारेच्या परीक्षणांत त्याचाच उल्लेख येतो.

खेळाडूने ठरवायचं असेल, तर ती किंमत फक्त स्केलेबिलिटीच्या गटात, दुसरीकडे कुठेही नाही. अँड्रॉइडवर ‘लो’चा अर्थ विंडोजपेक्षा वेगळा हवा असेल तर प्रोफाइलमध्ये घुसण्याची गरज नाही. प्लॅटफॉर्मच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये अँड्रॉइडस्केलेबिलिटी.आयएनआय ठेवा, त्यात शॅडोक्वालिटीच्या पातळ्या तुमच्या मनासारख्या लिहा. पातळी ० पासून सुरू होते: लो, मीडियम, हाय, एपिक आणि वर सिनेमॅटिक. तुमच्या सावल्यांसाठी मी हाच मार्ग घेतला असता. पहिल्यांदा गेम उघडताना योग्य पातळी निवडायची असेल तर विंडोजवर गेमयूझरसेटिंग्जमधली हार्डवेअर बेंचमार्कची सोय वापरता येते. फोनवर मी त्या भानगडीत पडत नाही. निवडलेल्या प्रोफाइलच्या नावावरून सुरुवातीची पातळी ठरवून मेन्यूकडे सोपवतो.

मोशन ब्लरसारख्या काही गोष्टी मधल्या पडतात. त्यांची मूळ किंमत प्रोजेक्ट सेटिंगच्या पानावर असते, म्हणून ती प्रोजेक्ट सेटिंग थराने लागते, आणि मेन्यूने गेम सेटिंग थराने बदलायला गेलं की नाकारली जाते. याला सरसकट उत्तर नाही. कधी तेच काम करणारं दुसरं, गटात बसणारं व्हेरिएबल मिळतं, कधी पोस्ट प्रोसेसच्या सेटिंगमधून करणं सोपं पडतं. गेमच्या रचनेवर आहे.

उरला कटसीनचा प्रश्न, कारण तुमच्या लेव्हल ब्लूप्रिंटमधला नोड मला तसलाच वाटतोय: एका दृश्यापुरत्या सावल्या चांगल्या हव्यात म्हणून कोणीतरी टाकलेला. मागणी रास्त आहे, साधन चुकीचं. मी असल्या कामासाठी सी प्लस प्लसमध्ये एक लहानसं फंक्शन करून ब्लूप्रिंटला देतो. ते आधीची किंमत जपून ठेवतं, नवीन किंमत ‘सेटविथकरंटप्रायॉरिटी’ने लावतं आणि दृश्य संपलं की जुनी परत लावतं. थर जो होता तोच राहतो, त्यामुळे नंतर मेन्यू चालतो. आणि मग ब्लूप्रिंटमध्ये ‘एक्झिक्यूट कन्सोल कमांड’वर सरळ बंदी. फाइंड इन ब्लूप्रिंट्समध्ये हे नाव टाकून सगळ्या जागा शोधा. रिलीजच्या आधी ही यादी रिकामी दिसली पाहिजे. ‘स्टॅट’सारख्या डीबगच्या कमांडा असतील तर त्या वेगळ्या डीबग विजेटमध्ये हलवा.

तुमची स्वतःची व्हेरिएबलं करताना दोनच गोष्टी जपा. नावाआधी गेमचा उपसर्ग लावा, म्हणजे कन्सोलमध्ये दोन अक्षरं टाइप केली की सगळी एकत्र दिसतात. आणि मदतीच्या मजकुरात प्रत्येक किमतीचा अर्थ लिहा. ‘सावल्यांचा मोड’ एवढंच लिहिलेलं व्हेरिएबल सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाही कळत नाही. दर फ्रेमला नावाने शोधू नका, एकदा पॉइंटर घेऊन ठेवा. रेंडर थ्रेडवर वाचायचं असेल तर ‘रेंडरथ्रेडसेफ’ फ्लॅग द्या आणि रेंडर थ्रेडसाठी असलेलं वाचनाचं फंक्शनच वापरा.

फ्लॅगांवरून आठवलं, तुम्ही शेवटी विचारलंय की शिपिंग बिल्डमध्ये कन्सोल बंदच असतो, तर चीटचा फ्लॅग लावायची गरज काय. गरज आहे. विंडोजवर खेळाडू लोकलअॅपडेटामधल्या तुमच्या गेमच्या फोल्डरात जाऊन सेव्ह्ड कॉन्फिगमधल्या इंजिन.आयएनआयमध्ये सिस्टिमसेटिंग्जचा विभाग लिहितात आणि धुकं, गवत, सावल्या आपल्या सोयीने कमी करतात. कन्सोल न उघडता. ऑनलाइन सामन्यांचा गेम असेल तर धुकं काढलेल्याला समोरचा आधी दिसतो, म्हणजे हा ग्राफिक्सचा मामला राहत नाही. हे आजचंही नाही. १९९९ च्या क्वेक थ्री अरीनामध्ये ‘कॉम_मॅक्सएफपीएस’ ही फ्रेमची साधी मर्यादा होती, मूळ किंमत ८५. खेळाडूंनी ती १२५ केली, कारण तेव्हा प्रत्येक फ्रेम बरोबर ८ मिलिसेकंदांची होते आणि हालचालीच्या गणितात आकडे पूर्णांकात गोल केल्यामुळे उडी थोडी उंच जाते. पुढे ‘पीमूव्ह_फिक्स्ड’ आणून हालचालीचा हिशोब फ्रेमपासून वेगळा करायची सोय द्यावी लागली. तेव्हा, खेळावर परिणाम करणारं कोणतंही व्हेरिएबल चीट म्हणून नोंदवा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याचा निकाल सर्व्हरवर लावा. निव्वळ दिसण्यापुरती असतील ती खुशाल मोकळी सोडा, लोकांना जुन्या मशीनवर गेम चालवायला त्याचा उपयोग होतो. फक्त सपोर्टवाल्यांना एवढं सांगून ठेवा: ‘मेन्यू चालत नाही’ अशी तक्रार आली तर आधी त्या खेळाडूची इंजिन.आयएनआय मागवायची. सिस्टिमसेटिंग्जचा थर मेन्यूच्या वर आहे, हे आता तुम्हाला माहीत आहे.

तर आज करायचं ते असं: कन्सोलव्हेरिएबल्समधली, डिफॉल्टइंजिनमधली आणि ब्लूप्रिंटमधली ओळ काढा, एडिटर बंद करून उघडा, मेन्यू चालतोय याची खात्री करा. मग अडलेल्या एका फोनवर डेव्हलपमेंट बिल्ड टाकून आर.शॅडोक्वालिटीचा लास्टसेटबाय बघा. डिव्हाइसप्रोफाइल निघालं तर साखळीतून ती ओळ शोधून काढा, इंजिनाच्या फाइलीत असेल तर तिला हात न लावता तुमच्या प्रोजेक्टच्या प्रोफाइलमध्ये ती वजा करा, आणि पातळ्या अँड्रॉइडस्केलेबिलिटीत लिहा. दुसरंच काही निघालं तर ते थराचं नाव, लॉगमधली निवडलेल्या प्रोफाइलची ओळ आणि नकाराचा इशारा, एवढं इथे चिकटवा. फाइली पाठवू नका, त्यांची गरज पडणार नाही.